चिमणाबाईची टांगती काहील

विजयसिंहानं उचगावात घर बांधलं तेव्हा खाली एक शटरची खोली काढून ठेवली होती. गाडीसाठी. गाडी तेव्हा नव्हती, नुसती हौस होती. पण रिकामी खोली बघून घरातल्या सामानाला काही राहवलं नाही. आधी दोन जुन्या गाद्या खाली उतरल्या. त्यांना सोबत म्हणून मोडका पाळणा आला. मग पितळी घागरी, पाण्याचा बंब, लग्नातल्या सतरंज्या, गोधड्यांची चवड, कापसाचं गाठोडं. जत्रेला आलेल्या पावण्यांसारखं सामान येत गेलं आणि परत जायचं नाव कुणी काढेना.

त्यातच एक गुलालाचं पोतंही होतं, तोंड शिवलेलं. विजयसिंह सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता तेव्हा त्यानं ते आधीच आणून ठेवलं होतं. निकाल लागला आणि पोतं शिवलेलंच राहिलं. त्यानंतर खोलीत आला की तो त्या कोपऱ्याकडे पाठ करूनच उभा राहायचा, आणि घरातही त्या पोत्याचं नाव कुणी काढत नसे.

आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, काहील उभी होती.

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढईच. पण कढई म्हटलं की विजयसिंहाची आई चिमणाबाई खवळायची. "कढईत भजी तळत्यात," ती म्हणायची. "काहिलीत घर शिजतंय." ते खोटं नव्हतं. हे घर, विजयसिंहाचं कॉलेज, थोरल्या लेकीचं लग्न, सगळं त्या काहिलीतनं गूळ होऊन निघालं होतं. तिच्या नवऱ्याचं, आण्णांचं गुऱ्हाळ लहान, म्हणून काहीलही लहान. तरी चिमणाबाई तिच्यात आडवी झाली असती तर पाय न मुडपता मावली असती. आण्णा गेले, गुऱ्हाळ मोडलं, ऊस कारखान्याला जाऊ लागला. काहील तेवढी घरी आली. दर खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लागायचं.

यंदा दसऱ्याला गाडी यायची होती. लाल रंगाची.

"गाडी दारात आली की थेट आत गेली पायजे," विजयसिंहानं जेवता जेवता हुकूम सोडला. पतपेढीत वसुलीचं काम करून करून त्याचा आवाजच तसा झाला होता. "खोली मोकळी करा. कशी करायची ते तुमचं तुम्ही बघा."

त्याची बायको स्वप्नाली शाळेत चित्रकला शिकवायची. दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली.

"आत्ती, वर बघा," ती सासूला म्हणाली.

"काय हाय? पाल?"

"जागा हाय. केवढी मोकळी जागा! गाडी खालती, सामान वरती. छताला टांगता माळा करू या."

चिमणाबाईनं वर बघितलं. इतकी वर्षं या खोलीत वावरून तिनं छत असं कधी निरखलंच नव्हतं. "म्हंजे जमीन संपली," ती म्हणाली, "आता आभाळाची वाटणी."

सामान बाजूच्या भिंतीला सारून स्वप्नालीनं गाडीची मापं कागदावरनं घेतली आणि फरशीवर रांगोळीनं खरीखुरी, पुऱ्या मापाची गाडी काढली. चाकं, दारं, पुढचं बॉनेट, मागची डिकी. सीटच्या जागी चार खुर्च्या मांडल्या. मग दोघी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, आणि अशी आयती गाडी समोर असताना नुसतं बघत कोण बसणार? चिमणाबाई पुढच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आत्ती, दार उघडून बसा की! दारातनं आरपार आलासा."

"चुकलं बाई." ती उठली, बाहेर आली, हवेत दार उघडलं, आत बसली, दार ओढून घेतलं. मग पदर दारात अडकला म्हणून परत दार उघडून पदर आत घेतला. स्वप्नाली हसून हसून भिंतीला टेकली.

शेजारची झुंबरबाई भाजी घेऊन निघाली होती, ती शटरपाशी थांबली. "कुठं निघालायसा?"

"नृसिंहवाडीला. दत्ताला," चिमणाबाई म्हणाली. "येतीस?"

"जागा हाय?"

"मागची मोकळी हाय की."

झुंबरबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि मागं बसली. स्वप्नालीनं स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरलं, तोंडानं हॉर्न दिला, गाडी निघाली. वळण आलं की तिघी एका बाजूला कलायच्या. खड्डा आला की तिघी उडायच्या. "हळू गं," झुंबरबाई मागनं ओरडली, "माझी अंडी हायत पिशवीत!"

तेवढ्यात विजयसिंह कामावरनं आला. शटरात उभा राहून त्यानं हे सगळं बघितलं.

"काय चाललंय?"

"बाजूला सर," चिमणाबाई म्हणाली, "गाडीखाली येशील."

तो वैतागला, पण त्या रांगोळीच्या गाडीनं एक गोष्ट साधली. स्वप्नालीनं मागं उभं राहून खराटा असा वर उचलला की डिकी उघडल्यासारखं दिसावं, आणि खराट्याचा दांडा पार वरपर्यंत गेला. म्हणजे मागच्या बाजूला काही टांगायची सोय नाही. टांगायचं तर पुढं, बॉनेटवर. तिथं गाडी बुटकी, जागा मोकळी. वेल्डिंगवाला ज्ञानू आला, त्यानं छतात चार दणकट हूक ठोकले, एकेका हुकाला स्वतः लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, "नाद खुळा काम. हत्ती टांगा."

माळ्याचं चित्रही तयार झालं. अँगलची चौकट, वर प्लाय. गाद्या बसल्या, सतरंज्या बसल्या, घागरी बसल्या, बंबसुद्धा कोपऱ्यात बसला. काहील बसली नाही. ती गोल आणि रुंद, माळा चौकोनी आणि अरुंद.

"काहील न्हाई बसत म्हंजे काय?" चिमणाबाईनं विचारलं.

विजयसिंहानं घसा साफ केला. त्यानं आधीच सगळं ठरवून टाकलं होतं, हे त्या घसा साफ करण्यावरनंच तिला कळलं. "आपला अमरसिंह हाय न्हवं, हायवेवर हॉटेल हाय त्याचं. त्याला काहील पायजे. दारात ठेवणार, आत पाणी सोडून कमळं लावणार. लोकं फोटो काढतील. मान हाय की तिचा."

"कमळं?" चिमणाबाईच्या हातातला लिंबू सरबताचा पेला तसाच राहिला. "जिच्यात आण्णांनी गुळाची आधणं उतरवली तिच्यात आता बेडूक बसवणार व्हय?"

"आणि टांगून तरी काय करणारैस? वर ठेवलं की तू शिडी लावून चढणार. मागच्या साली गादी काढायला स्टुलावर चढलीस. महिनाभर पलंगावर कोण होतं?"

चिमणाबाईनं पेला खाली ठेवला, कारण महिनाभर पलंगावर तीच होती.

विजयसिंहाचा आवाज वसुलीवरनं जरा खाली आला. "माझं एकच म्हणणं हाय, आई. शिडीला हात लावायचा न्हाई. जमिनीवर उभं राहून, टाचा न उचलता जे तुझ्या हाताला येईल, ते घरात ऱ्हाईल. तसं न्हाई जमलं तर खंडेनवमीला संध्याकाळी अमरसिंहाचा टेंपो येतोय."

आता छताला टांगलेली वस्तू टाचा न उचलता हाताला कशी यायची? असली अट म्हणजे नाही म्हणायचीच एक पद्धत. पण चिमणाबाईनं ती अट पदराच्या गाठीला बांधून ठेवली.

दोन दिवस ती भाकऱ्या थापत विचार करत राहिली. तिच्या माहेरी चुलीवर एक शिंकं टांगलेलं असायचं, दुधाचं भांडं मांजरापासून वाचवायला. शिंक्यात भांडं. शिंक्यात भांडं... तिनं थापलेली भाकरी परातीतच राहिली आणि ती पिठाच्या हातानंच खोलीत धावली.

"स्वप्नाली! माळा कशाला करायचा गं? काहिलीलाच टांगायचं. भांड्याचंच शिंकं करायचं. सगळं सामान तिच्या पोटात!"

स्वप्नालीनं काहिलीकडे बघितलं, हुकांकडे बघितलं, आणि रांगोळीचा डबा उचलला. गाडीच्या बॉनेटवर तिनं काहिलीएवढा गोल काढला. असा चपखल बसला की दोघींनी एकमेकींना टाळी दिली. चिमणाबाईच्या हातचं पीठ स्वप्नालीच्या कोपरापर्यंत गेलं.

"पण टाचांचं काय, आत्ती?"

"आधी वर तर जाऊ दे. टाचांचं टाचा बघतील."

काहील उचलायची तर माहितगार माणूस पाहिजे. आण्णांच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या बाळासो अजून खणखणीत होता. रस कधी आटला, गूळ कधी झाला, हे ठरवायचं काम गुळव्याचं. त्यानं सांगितल्याशिवाय काहील हलायची नाही. गुडघे गेले होते, पण आवाज होता तसाच होता. खंडेनवमीच्या दुपारी तो काठी टेकत आला आणि काहील बघताच त्यानं चपला बाहेर काढल्या.

"वैनी, पूजा झाली न्हवं?"

"सकाळीच झाली."

"मग आता माझ्या हातात सोडा. ही माझी म्हैस हाय. हिच्या खोडी मलाच ठावं."

काहिलीला चार कड्या होत्या, दोन पुढं, खुर्च्यांकडच्या बाजूला, दोन मागं. मागच्या कड्या साखळीनं पक्क्या बांधायच्या, पुढच्या कड्यांचा दोर कप्पीवरनं घ्यायचा, अशी बाळासोनं रचना सांगितली. गुऱ्हाळात असंच असायचं. ज्ञानूनं कप्प्या बसवल्या. चिमणाबाईनं काहिलीत सामान भरलं. पहिल्या खेपेला सगळं मऊच, असं तिनं ठरवलं होतं. गाद्या, गोधड्या, कापसाचं गाठोडं. एक पितळी घागर तेवढी शोभेला मागच्या काठापाशी ठेवली. आणि गोधड्यांच्या खाली, कुणाच्या लक्षात यायच्या आत, शिवलेलं पोतंही गेलं. शिलाई उंदरांनी केव्हाच कुरतडली होती, ते मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

"वढा!" बाळासो ओरडला.

ज्ञानूनं मागची साखळी ओढली, बाळासोनं आणि स्वप्नालीनं पुढचा दोर. काहील करकरली, जमीन सोडून गिरकी घेतली आणि हळूहळू वर निघाली. गल्ली शटरात जमली होती. "आली, आली, आली!" करत सगळ्यांच्या माना वर. काहील हुकांखाली जाऊन सपाट थांबली. ज्ञानूनं मागची साखळी अडकवून टाकली. पुढचा दोर बाळासोच्या हातात होता, खांबाला दोन वेढे देऊन.

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली.

विजयसिंह मात्र अजून हात बांधून उभा होता. "वर गेली, मान्य हाय. पण गाडी चालवताना पुढचं दिसंल का?"

"बसून बघा की," स्वप्नाली म्हणाली आणि तिनं ताट त्याच्या हातात दिलं.

तो रांगोळीच्या गाडीत ड्रायव्हरच्या खुर्चीवर बसला. नको नको म्हणत बसला, पण बसल्यावर त्यानं ताट धरलंच आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवून बघू लागला.

आता पुढं जे झालं त्यात बाळासोची तशी काही चूक नव्हती. माणसानं जन्मभर एकच काम केलेलं असतं. काहील समोर भरलेली, दोर हातात, भोवती माणसं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. बाळासोच्या डोळ्यांपुढं खोली राहिलीच नाही. त्याच्या नाकाला काकवीचा वास आला. त्याची मान आपोआप ताठ झाली आणि त्या खणखणीत आवाजात, सबंध उचगावाला ऐकू जाईल असा, तो ओरडला, "उतरा आधण!"

आणि त्यानं दोर सैल सोडला.

गुऱ्हाळात ही हाक आली की पुढचा दोर सोडायचा, काहिलीचं तोंड खाली वाकतं आणि आटलेला रस गार करायच्या वाफ्यात ओतला जातो. काहील काही विसरली नव्हती. ती अगदी जुन्या रीतीनं, सावकाश, अदबीनं पुढं वाकली.

रांगोळीच्या गाडीला समोरची काच नव्हती. आधी गाद्या-गोधड्या आल्या आणि विजयसिंह खुर्चीसकट त्यांच्यात बुडाला. त्यांच्यावर कापसाचं गाठोडं सुटलं. मग उंदरांनी कुरतडलेलं पोतं घसरत घसरत काठापर्यंत आलं, क्षणभर थांबलं, जणू विचारत होतं की आता तरी उधळू का, आणि उसवलं. सगळ्यात शेवटी घागर आली, गादीवर टप्पा घेऊन शटरातनं बाहेर पडली आणि ठणठणत गल्लीचा उतार धरला. तिच्यामागं ज्ञानू. ज्ञानूमागं गल्लीतली दोन कुत्री.

खोलीत गुलालाचा ढग झाला. कुणालाच काही दिसेना. मग ढग बसला आणि गोधड्यांच्या ढिगातनं एक डोकं वर आलं. लाल. केस लाल, भुवया लाल, मिश्या लाल, त्यावर कापसाचे पुंजके. हातात ताट तसंच.

"विजयसिंहाला गुलाल लागला!" झुंबरबाई ओरडली.

आता गुलाल दिसला आणि गल्ली गप्प बसली, असं आमच्या भागात झालेलं नाही. पलीकडच्या तालमीत पोरं दसऱ्यासाठी हलगी तापवत बसली होती. ती गुलाल बघून वाजवतच आली. कशासाठी, हे कुणी विचारलंच नाही. माणसं नाचायला लागली. बाळासो काठी वर करून एका पायावर नाचत होता आणि "माफ करा वैनी, माफ करा वैनी" असं हलगीच्या तालावर म्हणत होता.

अमरसिंहाचा टेंपो आला तो या गर्दीत. घागर त्याच्या चाकाला आपटून थांबली होती, ती काखेत घेऊनच तो आत शिरला.

"विजू? लेका, कशात निवडून आलास?"

विजयसिंहानं तोंड उघडलं. चिमणाबाईला वाटलं, आता बांध फुटणार, आता तो ओरडणार, आणि काहील जाणार. त्याच्या तोंडातनं आधी गुलालाचा भपकारा निघाला. मग एक विचित्र आवाज. मग तो हसायला लागला. पोट धरून, ताट खाली टाकून, खुर्चीतच लोळत हसायला लागला. निवडणुकीनंतर तो असा हसलेला तिनं पहिल्यांदा बघितला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि गालांवर दोन पांढऱ्या वाटा झाल्या.

"आई," त्याला धड बोलता येईना, "हे पोतं... तू घातलंस व्हय वर?"

"मग कुठं ठेवणार हुतास? पाठ करून किती दिवस उभं ऱ्हाणार?"

अमरसिंह काहिलीकडे बघत होता. "न्यायची न्हवं? टेंपो लावलाय मी."

हलगी थांबली. काहील अजून तशीच वाकून लोंबत होती, मागनं साखळीला धरलेली, पुढचा काठ खाली आलेला. चिमणाबाई तिच्यापाशी गेली. निरोप द्यायला हात लावावा, म्हणून गेली. तिनं हात पुढं केला, आणि काठ तिच्या छातीपाशीच होता.

ती थांबली. तिनं खाली आपल्या पायांकडे बघितलं. टाचा फरशीवर होत्या.

मग तिनं ढिगातली एक गोधडी उचलली, झटकली, घडी घातली आणि काहिलीत ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी ठेवल्यावर वळून म्हणाली, "बाळासो, वढा."

बाळासोनं दोर ओढला. काहील सपाट झाली, वर गेली.

"सोडा."

काहील वाकली, काठ खाली आला; तीनच गोधड्या, त्या तळालाच राहिल्या. चिमणाबाईनं उभ्या उभ्या गोधडी काढून घेतली आणि विजयसिंहाच्या मांडीवर टाकली.

"टाचा बघितल्यास?"

त्यानं बघितल्या. स्वप्नालीनं तर खाली बसून बघितल्या. झुंबरबाईनंही बघितल्या, ती तर काहीच सोडत नसे.

"पण गाडी खाली असताना काहील वाकवली तर बॉनेटचं काय?" विजयसिंहानं शेवटचा प्रयत्न केला, पण हसू अजून सुटत होतं, त्यामुळं त्यात जोर नव्हता.

"गाडी दिवसभर तुमच्याबरोबर पतपेढीत," स्वप्नाली म्हणाली. "खोली आमचीच."

विजयसिंह उठला, गोधड्यांतनं वाट काढत अमरसिंहापाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर लाल हात ठेवला. "भावा, कमळं दुसऱ्या कशात तरी लाव. ही वाकायची हाय, पण ह्याच घरात."

अमरसिंहानं आपल्या पांढऱ्या शर्टावरचा पंजा बघितला, घागर चिमणाबाईच्या हातात दिली आणि म्हणाला, "मग टेंपो रिकामा नेऊ व्हय? चहा तरी टाका."

दसऱ्याला गाडी आली, झेंडूच्या माळा घालून. शटरापाशी थांबली. विजयसिंहानं आपट्याची पानं आईच्या हातात दिली आणि पाया पडला. स्वप्नाली पाया पडली. मग चिमणाबाई म्हणाली, "अजून एकजण ऱ्हायलंय," आणि तिनं खांबाचे वेढे सोडवून दोर सैल केला. रिकाम्या खोलीत काहील सावकाश वाकली. तिनं काहिलीतही आपट्याची दोन पानं ठेवली आणि दोर ओढून तिला वर पाठवलं.

विजयसिंहानं गाडी आत घेतली. बॉनेट बरोबर काहिलीखाली येऊन थांबलं, रांगोळीच्या रेषेवर रेषा. तेवढ्यात कड्यांत कुठंतरी अडकून राहिलेला गुलाल भुरभुरला आणि लाल बॉनेटवर आणखी लाल असा एक टिळा उमटला. विजयसिंहानं पुसायला फडकं काढलं, जरा बघितलं, आणि फडकं परत खिशात ठेवलं.

"चला," मागच्या सीटवरनं आवाज आला. झुंबरबाई कधी बसली ते कुणाला कळलंच नव्हतं. पिशवी मांडीवर होती. "वाडीला न्हेणार हुतासा न्हवं?"